पहिली ते आठवी: नव्या शिक्षकाने वर्षभर काय, कधी आणि कशासाठी तपासायचे

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच आकारिक नोंदवही, संकलितची नोंदपत्रके, पायाभूत चाचणीचा गुणतक्ता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ असे सगळे एकदम येऊन पडते. कोणता रकाना कसा भरायचा हे शेजारच्या शाळेतले गुरुजी किंवा केंद्रप्रमुख सांगतात. तो कशासाठी भरायचा हे विचारायला मात्र सवड मिळत नाही, आणि वर्ष निघून जाते. हा लेख त्या ‘कशासाठी’पासून सुरू होतो. महाराष्ट्रातले पहिली ते आठवीचे वर्ग डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी एक प्रश्न: या चाचणीवरून कोण काय ठरवणार?

कोणतीही चाचणी हातात आली की पहिल्यांदा हे विचारा. उत्तरे साधारण चार प्रकारची निघतात.

काही तपासणी तुमच्यासाठी आणि मुलासाठी असते. उद्या काय शिकवायचे, कुणाला पुन्हा समजावायचे, एवढेच तिच्यावरून ठरते. तिला आपण आकारिक मूल्यमापन म्हणतो. सुरुवातीलाच मूल कुठे उभे आहे हे पाहणारी पायाभूत किंवा निदानात्मक चाचणीही याच कुळातली.

दुसरी तपासणी सत्राअखेर होते. इतक्या दिवसांत मूल काय शिकले याचा हिशेब ती पालकांना आणि पुढच्या वर्गाला देते. ती संकलित.

तिसरी निवडीसाठी असते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी होणारी नवोदय, आठवीतली एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) या सगळ्या निवडीच्या परीक्षा. जागा किंवा शिष्यवृत्त्या मोजक्या असतात, म्हणून प्रश्न मुद्दाम मुलांमध्ये फरक पाडणारे असतात. अशा परीक्षेत नाव आले नाही म्हणून मुलाला विषय येत नाही असे ठरत नाही. पालकांना हे आवर्जून सांगावे लागते.

चौथी व्यवस्थेची तपासणी. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे झालेले ‘परख’ सर्वेक्षण, २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित पाहणारा ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’, ही याची उदाहरणे. ही नमुना सर्वेक्षणे आहेत. राज्य किंवा जिल्हा कुठे आहे हे त्यांतून कळते. तुमच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल त्यांना काहीही म्हणायचे नसते. सर्वेक्षणाआधी महिनाभर मुलांकडून ओएमआरचे (यंत्राने तपासायच्या उत्तरपत्रिकेचे) गोल रंगवून घेण्याचा सराव अनेक शाळांत चालतो. तेवढ्या दिवसांत वर्गातले वाचन मागे पडते, आणि सर्वेक्षणातून येणारे चित्रही खोटे होते. शक्य असेल तिथे हे टाळा.

घोळ होतो तो एका कामासाठीची चाचणी दुसऱ्या कामाला लावली की. पायाभूतच्या गुणांवरून शाळांची क्रमवारी लावली, तर शिक्षक फळ्यावर उत्तरे लिहून देण्याच्या मोहात पडतो, आणि मग त्या चाचणीतून मुलाचे खरे चित्र मिळतच नाही. वरिष्ठ कार्यालयाला गुण हवे असतील तर जसे आहेत तसे द्या. कमी दिसले तरी चालेल. जूनमधले कमी गुण ही तुमची कामगिरी नसते, ती तुमची सुरुवात असते.

चौकट एकदा नीट समजून घ्या

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करण्याची तरतूद आहे. त्यावरून महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. आपल्या नोंदवह्यांचे रकाने तिथून आले आहेत.

आकारिक आणि संकलित यांचा भारांश, म्हणजे शंभरातला वाटा, इयत्तेप्रमाणे बदलतो. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५० आणि ५०, सातवी-आठवीला ४० आणि ६०. संकलितमधले १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, बाकीचे लेखी. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना लेखी संकलित नाही, त्यांचे सगळे मूल्यमापन आकारिक. या आकड्यांमागचा विचार लक्षात घ्या. पहिलीतल्या मुलाला जे येते त्यातले फार थोडे कागदावर उतरते, म्हणून तिथे रोजच्या पाहण्याला जास्त वजन दिले आहे.

आकारिकसाठी आठ साधनतंत्रे दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि ‘इतर’. ‘इतर’मध्ये प्रश्नावली, गटकार्य, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन येते. लेखी चाचणीबद्दल दोन गोष्टी अनेकांच्या नजरेतून सुटतात. ती वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिक पद्धतीने घ्यायची आहे. आणि ती पुस्तक उघडे ठेवूनही घेता येते. तरीही घटक चाचणीचे छापील वेळापत्रक लावणाऱ्या शाळा आहेत. तुमच्या शाळेत तसे असेल तर लगेच वाद घालायला जाऊ नका, पण तुमच्या वर्गात एकदा पुस्तकासह चाचणी घेऊन पाहा. पुस्तकात उत्तर शोधता येणे हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि सातवीतही ती सगळ्यांना येत नाही.

जून-जुलै: गुणांच्या आधी चूक वाचा

अलीकडे राज्यस्तरावरून प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या येतात: पायाभूत, संकलित १ आणि संकलित २. पायाभूतची पेपर तपासणी आणि गुण भरणे हे काम आलेच. त्याआधी मात्र प्रत्येक मुलाला एकेकट्याला शेजारी बसवून वाचून घ्या. अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ‘असर’च्या वाचन तपासणीत याच पातळ्या असतात, आणि एका मुलाला काही मिनिटेच लागतात. वाचून झाल्यावर गोष्टीवर एक-दोन प्रश्न विचारा. घडघडा वाचून काहीच न कळणारे मूल आणि अडखळत वाचूनही गोष्ट सांगणारे मूल यांना वेगवेगळी मदत लागते. जुलै २०२१ पासून सुरू असलेल्या, पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणे हे उद्दिष्ट आहे. त्यातले ‘अर्थासह’ विसरून नुसते घड्याळ लावले की मुले शर्यत लावतात.

गणितात एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण निदान म्हणजे काय ते यातून सर्वांत स्पष्ट होते.

तिसरीच्या मुलांना ५२ − २७ दिले. बऱ्याच जणांनी ३५ लिहिले. आपण सगळीकडे फुली मारून शून्य गुण देतो आणि ‘वजाबाकी येत नाही’ असे लिहून मोकळे होतो. पण ३५ हे उत्तर दोन वाटांनी येते. एक मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसरे मूल दशक सुटा करते, १२ मधून ७ वजा करून ५ लिहिते, पण सुटा केलेला दशक कमी करायला विसरते आणि ५ मधून २ वजा करते. उत्तर दोघांचेही ३५. पहिल्याला स्थानिक किंमत आणि वजाबाकीचा अर्थच पुन्हा दांडे आणि गठ्ठे घेऊन शिकवावा लागेल. दुसऱ्याला सगळे कळले आहे, शेवटची एक पायरी राहते आहे. दोघांना ‘उपचारात्मक वर्गात’ एकत्र बसवून एकच सराव दिला, तर एक कंटाळेल आणि दुसऱ्याला काही उमगणार नाही.

आता ६१ − ३८ देऊन पाहा. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचे उत्तर ३७ येते, दशक कमी करायला विसरणाऱ्याचे ३३ येते, बरोबर उत्तर २३. इथे चुका वेगळ्या पडल्या. एकक स्थानच्या अंकांतला फरक ५ असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात, म्हणून निदानासाठी तशी उदाहरणे घेऊ नयेत. चाचणीत कोणते आकडे घालायचे हा असा विचार करण्याचा विषय आहे. गाइडमधून पाच उदाहरणे उतरवली की हे राहून जाते. शंका राहिलीच तर सोपा उपाय आहे. मुलाला म्हणा, “बाळ, मला करून दाखव, आणि करताना बोल.”

संख्या लिहिण्यातही असेच. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारे मूल बरेचदा संख्या ओळखते. मराठी संख्यानामात एकक आधी ऐकू येतो आणि ते ऐकल्या क्रमाने लिहिते. ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ लिहिणाऱ्याची अडचण वेगळी, तिथे स्थानिक किंमत कच्ची आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. वादात कोण बरोबर होते ते बाजूला ठेवा. मुले तिथे अडतात ही गोष्ट वर्गात रोज दिसते.

हे सगळे टिपायला मोठा तक्ता लागत नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गुणांप्रमाणे लावण्याऐवजी चुकीप्रमाणे लावा. सारखी चूक करणारी मुले एका गठ्ठ्यात. प्रत्येक गठ्ठ्यावर चूक एका वाक्यात लिहा. पुढच्या दोन आठवड्यांचे गट आपोआप तयार होतात.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात पावरा-भिल्ल मुले, मेळघाटात कोरकू मुले, पालघरकडे वारली मुले पहिलीत येतात तेव्हा घरची भाषा वेगळी असते. तिथे प्रश्न कळला नाही की उत्तर येत नाही, यातला भेद आधी करा. गावातल्या अंगणवाडीताईंना किंवा मोठ्या वर्गातल्या मुलीला सोबत घ्या, प्रश्न घरच्या भाषेत विचारा. मूल उत्तर देते का पाहा, आणि मगच नोंद करा. गणित येणाऱ्या मुलाला भाषेमुळे ‘अप्रगत’ लिहिणे हा अन्याय आहे.

रोजच्या तासात: पाटी बाहेर काढा

“कळले का?” असे विचारले की सगळा वर्ग “हो” म्हणतो. त्या ‘हो’मधून काही कळत नाही. हात वर करणाऱ्या चारच मुलांना विचारले, तरी उरलेल्या पंचवीस जणांबद्दल अंधारच राहतो.

यावर आपल्या शाळेत फार जुने आणि उत्तम साधन आहे: पाटी. प्रश्न विचारा, मनात तीसपर्यंत मोजा, मग “पाट्या वर” म्हणा. एका नजरेत सगळ्या वर्गाची उत्तरे दिसतात. बहुतेकांचे बरोबर असेल तर पुढे जा, निम्म्यांचे चुकले असेल तर तिथेच थांबा. याला नोंदवही लागत नाही आणि मुलांना ती परीक्षाही वाटत नाही. तरी आकारिक मूल्यमापनाचे सगळे सार यात आहे, कारण तपासले आणि त्याच मिनिटाला शिकवणे बदलले. पाट्या नसतील तर जुन्या वहीची कोरी पाने चालतात.

तास संपताना कधीकधी चिठ्ठी घ्या. आज काय नवे कळले आणि कुठे अडले, दोनच ओळी. चौथीपासून वरची मुले हे छान लिहितात.

दैनंदिन निरीक्षणाची एक अडचण खरी आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, असे सगळे सांभाळून तीस मुलांचे रोज निरीक्षण होणार नाही. करूही नका. रोज चार-पाच मुले ठरवा आणि त्या दिवशी तेवढ्यांकडेच बारकाईने पाहा. हजेरीच्या क्रमाने गेलात तर दीड-दोन आठवड्यांत सगळी मुले होतात. नाहीतर खोडकर आणि हुशार यांच्याच नोंदी भरतात, आणि मधल्या ओळीतली गप्प मुलगी वर्षभर कुणालाच दिसत नाही.

नोंद लिहिताना

तयार नोंदींची पीडीएफ मिटवून टाका. ‘वाचनाची आवड आहे’, ‘गणितातील क्रिया अचूक करतो’, ‘वर्गात सहकार्य करते’ ही वाक्ये कोणत्याही मुलाला लागू पडतात, म्हणून कोणत्याच मुलाच्या कामाची नाहीत.

नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय पाहिले, कुठे अडते, पुढे काय करणार. उदाहरणार्थ: ‘जोडाक्षरे नसलेली गोष्ट सलग वाचते. “प्र”, “र्य” असे रफार-रकार आले की थांबते. आठवडाभर रोज दहा शब्द, जोडीला शेजारच्या मुलीसोबत वाचन.’ किंवा: ‘प्रकल्पात बाजारातल्या भावांची माहिती स्वतः जमवली. बेरीज बरोबर, पण किलो आणि ग्रॅम एकत्र मिळवले. वजनकाट्यावर प्रत्यक्ष काम द्यायचे.’ महिन्याला एका मुलाची अशी एकच नोंद झाली तरी पुरे. कुणी तपासायला आले आणि नोंदी कमी का विचारले, तर शांतपणे हीच वही दाखवा.

प्रकल्पाबद्दल एक स्पष्ट मत. थर्माकोलचा किल्ला आणि दुकानातून आणलेला तक्ता म्हणजे प्रकल्प नाही. तो पालकांच्या खिशाचे मूल्यमापन आहे. वर्गात, शाळेच्या वेळात, परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून होईल तेवढेच काम द्या.

प्रश्नपत्रिका आणि तपासणी

सत्राची प्रश्नपत्रिका काढण्याआधी अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवे याची, यादी समोर घ्या. कोणत्या निष्पत्तीसाठी किती गुण ठेवायचे, याचा छोटा तक्ता करा. नाहीतर जे विचारायला सोपे तेच विचारले जाते. परिसर अभ्यासात ‘पाण्याची बचत म्हणजे काय?’ विचारले तर मूल पाठ केलेले लिहील. ‘तुमच्या गावात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. पाच माणसांच्या घराने पाणी पुरवून कसे वापरावे, ते लिहा’ असे विचारले तर त्याला विचार करावा लागेल. सगळेच प्रश्न असे नकोत. काही स्मरणाचेही हवेत, म्हणजे घाबरलेल्या मुलाला सुरुवात करता येते.

तपासताना गुण आणि शेरा एकत्र देऊ नये, असे माझे ठाम म्हणणे आहे. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. त्यात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही दिले होते. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र शेऱ्यांचा फायदा मिळाला नाही, कारण गुण दिसले की लक्ष गुणांकडेच जाते. म्हणून स्वाध्यायाच्या वहीत गुण लिहू नका. ‘छान’, ‘प्रयत्न कर’ यांऐवजी ‘तिसऱ्या ओळीत कारण दिलेस, दुसऱ्या ओळीलाही दे’ असे लिहा, आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे तेवढी दुरुस्ती करायला द्या. दुरुस्तीला वेळ न देता लिहिलेला शेरा वाया जातो.

श्रेणी आणि पाचवी-आठवी

हा भाग यांत्रिक आहे. चौथीच्या मुलाला आकारिकमध्ये ६० पैकी ४८ आणि संकलितमध्ये ४० पैकी २६ मिळाले, तर एकूण ७४, श्रेणी ब-१. ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली इ-२. खालच्या श्रेणीत राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणायचे ही शाळेची जबाबदारी आहे.

पाचवी आणि आठवीचे वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रात या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडलेल्या मुलाला मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, त्यातही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र कुणालाच काढता येत नाही. पाचवीचा वर्ग मिळाला असेल तर एप्रिलची वाट पाहू नका. कोण अडणार आहे हे दिवाळीच्या आधीच तुमच्या वहीत दिसायला हवे.

बीडसारख्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी मुले असतील, तर ती निघण्याआधी आकारिक नोंदी पूर्ण करा. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर मूल कुठपर्यंत आले आहे हे मोकळ्या शब्दांत लिहा. तिकडच्या शाळेतल्या बाईंना तुमची श्रेणी उपयोगी नाही. ‘हातच्याची बेरीज येते, गुणाकार सुरू केला आहे’ हे वाक्य मात्र पहिल्याच दिवशी उपयोगी पडते.

पालकांशी आणि पुढच्या वर्गाशी

पालकसभेत सगळ्यांसमोर कुणाचीही श्रेणी वाचू नका. प्रत्येकाला पाच मिनिटे वेगळी द्या. मुलाची वही उघडून जूनचे पान आणि आत्ताचे पान शेजारी ठेवा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही त्यातला फरक दिसतो. मग घरी करता येईल असे एकच काम सांगा: रोज रात्री मुलाने दहा मिनिटे मोठ्याने वाचायचे, कुणीतरी शेजारी बसून ऐकायचे. चार कामे सांगितली तर एकही होत नाही. मूलही सोबत असू द्या, आणि ‘तुला स्वतःला काय जमले वाटते?’ हे आधी त्याला विचारा.

निकाल लावून झाला की प्रगतिपुस्तकांशिवाय आणखी एक कागद तयार करा, शासनाने मागितलेला नसला तरी. पुढच्या वर्गशिक्षकासाठी प्रत्येक मुलामागे दोन ओळी: काय पक्के झाले, कुठे अजून हात धरावा लागेल. नव्या वर्गाचा तास सुरू होण्याआधी तो त्यांच्या हाती द्या, आणि मागच्या वर्गाच्या बाईंकडून तुमच्या नव्या मुलांचा असाच कागद मागून घ्या.